तळच्या पंपाची मोटर

पाणी आलं तेव्हा मी तळच्या पंपाजवळ उकिडवा बसून मोटरच्या मागच्या पंख्याची जाळी साफ करत होतो. आधी आवाज आला नाही, वारा आला. खाणीत हवा ठरलेल्या वाटेनेच फिरते. पंपाजवळ ती कायम माझ्या पाठीला लागायची. त्या सकाळी ती एकदम तोंडावर आली, ओली आणि कुजकट. मी मान वर केली तोवर गॅलरीच्या, म्हणजे खाणीतल्या बोगद्याच्या, अंधारातून कोळशाचे रिकामे टब रूळ सोडून, एकमेकांवर आदळत माझ्याच दिशेने येत होते, आणि त्यांच्या मागे छातीइतकं उंच काळं पाणी.

मला कुणीतरी मागून कॉलरला धरलं आणि पोत्यासारखं उचलून पंपाच्या ओट्यावर फेकलं. कपाळ मोटरच्या बिडाच्या कवचावर आपटलं. पहिला टब मी बसलो होतो त्या जागेवरून गेला आणि शेजारच्या दुसऱ्या पंपावर असा आदळला की त्या पंपाचा पाइप उसासारखा मोडला. टब ढकलणारा गुलाब त्या टबाच्या आणि भिंतीच्या मध्ये सापडला. त्याची किंकाळी मी ऐकली, पण अर्धीच. उरलेली पाण्याने गिळली.

मला फेकणारा भीमराव कुमरे होता. छताला लाकडी खांब देणाऱ्या टोळीचा तो सरदार. वणीकडच्या त्या कोळशाच्या खाणीत आम्ही दोघं एकाच महिन्यात लागलो होतो. मी विजेच्या कामाचा फोरमन, तो टोळीत. त्याच्या आईने मला माझ्या लग्नापर्यंत जेवू घातलं होतं. गुलाबला आम्ही दोघांनी टबामागून ओढून काढलं. त्याच्या पायाचं हाड पँट फाडून बाहेर आलं होतं. त्याला वर पाठवलं, आणि तेव्हाच भीमरावने पहिल्यांदा पाण्याच्या पलीकडे पाहिलं.

“जंगू आत हाये,” तो म्हणाला.

जंगू त्याचा धाकटा भाऊ. त्या दिवशी तो आणि आणखी तिघं सर्वांत पुढच्या तोंडावर कोळसा काढत होते. तिथेच कुठेतरी त्यांच्या कुदळीने जुन्या, सोडून दिलेल्या खाणीची भिंत फोडली होती. तिच्यात कित्येक पावसाळ्यांचं पाणी तुंबलेलं होतं. आमची गॅलरी त्या बाजूला आधी खाली उतरत होती आणि पुढे पुन्हा चढत होती. खालचा खोलगट भाग क्षणात छतापर्यंत भरला. पलीकडे चढावर हवा अडकली होती, आणि त्या हवेत चौघं होते. हे आम्हाला कळलं, कारण पाण्यातून पलीकडे गेलेल्या लोखंडी पाइपावर ते दगडाने ठोकत होते.

गणित अगदी सोपं होतं. खोलगटातलं पाणी छतापासून हातभर खाली आणलं की माणसं नाक वर धरून येऊ शकत होती. पण जुन्या खाणीतून पाण्याची धार चालूच होती. आणि दोन पंपांपैकी आता एकच उरला होता.

मी वर फोन केला. अंडरमॅनेजर श्रीवास्तव साहेब शांत डोक्याचे गृहस्थ होते. ते म्हणाले, दुसऱ्या खाणीतून मोठा पंप आणि बचाव पथक निघतंय, पण रस्ता पाहता संध्याकाळ होईल. तोवर तुझ्याकडे जे आहे तेच आहे, ते जपून चालव. फोन ठेवताना त्यांनी गॅस तपासल्याशिवाय कुठलंही झाकण उघडू नकोस, एका ठिणगीने भडका उडेल, असंही बजावलं.

मी पंप सुरू केला. पाणी हटायला लागलं. ओट्यावर भीमराव आणि त्याच्या टोळीतले दोघं, श्रावण आणि बंडू, टोपीवरचे दिवे पाण्यावर रोखून उभे होते. भिंतीवर खडूने मारलेल्या खुणेपासून पाणी बोटभर खाली आलं, मग चार बोटं. आणि मोटर बंद पडली.

आपोआप बंद पडली. ड्राइव्हने, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या पेटीने, तिला बंद केलं होतं. मोटरच्या तारांच्या गुंडाळीत ज्वारीच्या दाण्याएवढे गरमी ओळखणारे सेन्सर पुरलेले असतात. आत ताप वाढला की ते पेटीला कळवतात आणि पेटी मोटर थांबवते. मी बिडाला हात लावला तर चटका बसला. ती निवेपर्यंत वाट पाहायची होती. पाणी चार बोटं चढून पुन्हा खुणेला आलं.

दुसऱ्यांदा लावली, तेव्हा मी वेग उतरवला. पाण्यात कोळशाचा चिखल मिसळला होता, पंपाला ते ओढणं जड जात होतं. वेग उतरवला की ओझं कमी होईल असं वाटलं. पेटीवरचा करंटचा आकडा खाली आला. तरीही मोटर आधीपेक्षा लवकर बंद पडली.

भीमरावला तो आकडा वाचता येत होता. खाणीत इतकी वर्षं काढलेल्या माणसाला तेवढं येतंच.

“करंट तं कमी हाये,” तो म्हणाला. “मंग बंद काहून पडली?”

मी सांगायला लागलो की करंट म्हणजे ताप नव्हे, आतले दाणे ताप ओळखतात. या मोटरला वारा घालणारा पंखा तिच्याच दांड्यावर बसवलेला असतो. ती सावकाश फिरली की तोही सावकाश फिरतो, तिला वारा मिळत नाही आणि ती आतल्या आत उकडते. जोरात फिरवावी तर चिखलाच्या ओझ्याने तापते. दोन्हीकडून मार. त्याने ऐकलं की नाही कोण जाणे. तो पाइपाकडे पाहत होता. ठोके येत होते, पण त्यांच्यात अंतर पडायला लागलं होतं.

“ते दाने काढून टाक,” भीमराव म्हणाला. “ते दाने नसले तं बंद नाई पडत नं?”

“नाही पडत,” मी म्हणालो. “जळते.”

“जळू दे.”

“जळली की संपलं, भीमराव. दुसरा पंप नाही. अजून पाणी छताला टेकलेलं आहे. आता जाळली तर संध्याकाळपर्यंत जंगूकडे कोणी जात नाही.”

वरच्या गॅलरीत, जिथे आता कुणी माणूस नव्हतं, तिथे हवा पोचवणारा एक वेगळा पंखा होता आणि त्याला माणूस वाकून शिरेल एवढा जाड कापडी नळा जोडलेला होता. तो पंखा आणि नळा इथे ओढून आणायचा, त्याचं तोंड मोटरच्या पाठीला बांधायचं आणि बाहेरचा वारा तिच्यावर सोडायचा, असं मी सांगितलं. मग ती सावकाश फिरली तरी तापणार नाही. सगळ्यांनी हात लावला तर होईल. पण तोवर पंप बंद राहील, पाणी चढेल.

भीमरावने ‘पाणी चढेल’ एवढंच ऐकलं.

मोटरच्या बाजूला एक छोटी पेटी असते. त्या दाण्यांच्या बारीक तारा तिथे बाहेर येतात. त्याने कमरेची आखूड पहार काढली आणि त्या पेटीच्या झाकणात घातली. मी मध्ये गेलो. त्याने मला छातीवर ढकललं, मी ओट्याच्या कडेला पडलो. उठून पुन्हा गेलो आणि त्याचा गळा मागून दोन्ही हातांनी आवळला. तो माझ्यापेक्षा दीडपट होता. त्याने कोपर मागे मारलं ते माझ्या बरगड्यांत बसलं, श्वास गेला. तरी मी सोडलं नाही. आम्ही दोघंही मोटरवर आदळलो. तापलेल्या बिडाला त्याचा गाल लागला, कातडी चरचरली, आणि तेव्हा तो पिसाळला. माझं डोकं धरून त्याने भिंतीवर आपटलं, एकदा, मग पुन्हा. माझ्या डोळ्यांत रक्त उतरलं. मला फक्त पहारीचं टोक दिसत होतं. ते झाकणाच्या फटीत परत शिरत होतं आणि एक स्क्रू तुटून पाण्यात पडला होता.

हाताशी पाइपाचा मोठा पाना होता. मी तो उचलला आणि पूर्ण ताकदीने त्याच्या उजव्या हातावर, कोपराच्या खाली मारला.

तो आवाज मी नंतर कित्येक वर्षं ऐकत होतो. वाळलेली फांदी गुडघ्यावर मोडावी तसा आवाज. पहार खाली पडली. भीमराव ओरडला नाही. तो आपल्या हाताकडे पाहत उभा राहिला. हात जिथे वाकायला नको तिथे वाकला होता.

मग श्रावण आणि बंडू माझ्यावर पडले. बूट, गुडघे, हातात येईल ते. मी ती छोटी पेटी पोटाखाली धरून मोटरला मिठी मारून पडलो होतो आणि ते मला तिच्यावरून सोलून काढत होते. जबड्यावर बूट बसला, तोंडात दात सुटले ते मी गिळले की थुंकले मला आठवत नाही. बंडूने खांबाचा तुकडा उचलला. श्रावण म्हातारा माणूस, माझ्या मुलीच्या बारशाला आलेला. तो म्हणत होता, मार याच्या डोक्यात, साहेबाच्या मशिनीसाठी मानसं मारून राहिला.

त्या वेळी पाइपावर ठोका आला. बऱ्याच वेळाने एकच, मग लागोपाठ तीन-चार. बंडूचा हात तसाच वर राहिला. कुणी हललं नाही. खाली पाण्याचा आवाज येत होता आणि भीमराव दातांवर दात दाबून श्वास घेत होता.

“मला नंतर मारा,” मी म्हणालो. तोंडातून रक्त येत असल्याने ते त्यांना कितपत कळलं ठाऊक नाही. “आधी नळा ओढा.”

श्रावणने भीमरावकडे पाहिलं. सरदार तोच होता. भीमराव भिंतीला टेकत खाली बसला. त्याचा गाल भाजून लाल झाला होता.

“वढा,” तो म्हणाला. आणि मला म्हणाला, “जंगू मेला तं तुले याच पान्यात बुडवतो, दिवाकर. एका हातानं बुडवतो.”

नळा आणायला किती वेळ लागला ते मी मोजलं नाही. वरून आणखी माणसं आली, पंखा रुळांवरून ढकलत आणला, कापड मोटरच्या पाठीला दोरीने आवळून बांधलं. तोवर पाणी खुणेच्या वर चढून ओट्याच्या पायरीला लागलं होतं. मी पंखा सुरू केला, कापड फुगून ताठ झालं, मोटरवर वारा सुटला. मग पंप लावला. वेग मधलाच ठेवला. प्रत्येक जण मोटरकडे असा पाहत होता जसा बाळंतिणीच्या खोलीच्या दाराकडे पाहतात.

ती चालत राहिली. आधी ती जेवढ्यात दमायची तेवढा वेळ गेला, त्याच्या दुप्पट गेला, तरी चालत राहिली. पाणी बोटाबोटाने उतरायला लागलं.

भीमराव वर जायला तयार नव्हता. त्याच्या हाताला खांबाच्या फळ्या लावून बांधलं. तो मोटरजवळच बसून राहिला. माझा एक डोळा सुजून बंद झाला होता. आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता एकाच मशिनीकडे बघत बसलो होतो. दुपारच्या पाळीचे लोक वर जमा झाल्याचं फोनवर कळलं. त्यांच्यात भीमरावची आईही होती. तिला त्याच्या हाताचं कुणी सांगितलं नव्हतं.

खोलगटाच्या छताच्या आणि पाण्याच्या मध्ये पहिली फट दिसली, तेव्हा बंडूने कमरेला दोर बांधला आणि तो पाण्यात शिरला. नाक छताला घासत तो पलीकडे गेला. दोर पलीकडे पोचल्याचे झटके आले. मग पहिला माणूस आला. डोळे तांबडे, ओठ निळे. ओट्यावर ओढून घेतलं तसा तो थरथरत पडून राहिला. दुसरा आला. तिसऱ्याने मध्येच धीर सोडला, पाणी नाकात गेलं, दोर वेडावाकडा ओढला गेला. आम्ही त्याला जवळजवळ खरडत आणलं, त्याच्या कपाळाची कातडी छताला राहिली.

आत जंगू आणि बंडू उरले होते. बंडूने जंगूला पुढे घातलं होतं आणि तो स्वतः मागून येत होता.

तेव्हा मोटरचा आवाज बदलला. पाणी उतरल्यामुळे पंप आता तळाचा दाट गाळ आणि मध्येच हवा ओढत होता. धक्के बसत होते. ड्राइव्हच्या पेटीवरचा तापाचा आकडा वर चढत होता. कापडी नळ्याचा वाराही पुरत नव्हता. मला ठाऊक होतं, आणखी थोडा वेळ आणि दाणे तिला थांबवणार. आणि धार चालूच होती. पंप थांबला की फट लगेच बंद होणार होती, दोघं जण मध्यात असताना.

मी गॅस मोजायचं यंत्र छताशी धरलं. गॅस नव्हता. मग खिशातून पेचकस काढला, भीमरावने अर्धं उचकटलेलं ते छोट्या पेटीचं झाकण उघडलं, दाण्यांच्या दोन तारा सोडवल्या आणि ड्राइव्हकडे जाणारी टोकं एकमेकांना पिळली. आता मोटर कितीही तापली तरी ड्राइव्हला ती थंडच वाटणार होती.

भीमराव पाहत होता.

“हे का करून राहिला?” त्याने विचारलं.

“तू म्हणत होतास तेच.”

तो उठला, दोराजवळ गेला, आणि डाव्या हाताला दोराचा वेढा घेऊन ओढायला लागला.

मोटरमधून आधी वार्निशचा वास आला. मग धूर. मी वेग पूर्ण वर नेला, कारण आता तिला राखायचं काही कारण नव्हतं. बिडावरचा रंग फुगून फोड आले. श्रावण मागे सरकला, मी मात्र ड्राइव्हच्या पेटीवर हात ठेवून उभा होतो. पाण्याच्या फटीतून जंगूचं डोकं दिसलं, नुसतं नाक आणि कपाळ. भीमरावने मोडक्या हाताची फळी दातांत धरली आणि दोर ओढला. तो कसल्या आवाजात कण्हत होता ते मी सांगू शकत नाही. जंगू ओट्याला लागला, त्याच्यामागे बंडूचा हात वर आला, श्रावणने तो पकडला.

त्याच क्षणी मोटर आतून फुटली. कडाड असा एकच आवाज, पांढरा लख्ख उजेड, आणि तिला वीज आणणाऱ्या जाड तारांच्या पेटीचं झाकण उडून समोरच्या भिंतीत रुतलं. ते श्रावणच्या कानाजवळून गेलं. मग काळोख आणि जळक्या तांब्याची दुर्गंधी. टोपीवरच्या दिव्यांत आम्ही पाण्याकडे पाहिलं. ते वर येत होतं. फट मिटायला एक बिडी ओढण्याइतकाही वेळ लागला नाही.

चौकशी झाली. कायद्याने मी दोन गोष्टी केल्या होत्या. एका माणसाचा हात मोडला होता आणि खाणीत मोटरचं संरक्षण काढून टाकलं होतं. चौकशीचे अधिकारी सभ्य होते, पण प्रश्न टाळणारे नव्हते. भीमरावला त्यांनी विचारलं, हात कुणी मोडला. मला वाटत होतं तो पडलो म्हणून सांगेल. तो म्हणाला, “यानं मोडला. पाइपाच्या पान्यानं.” माझ्याकडे बोटही केलं.

मग अधिकाऱ्यांनी विचारलं, जी गोष्ट तुम्ही करायला निघालात म्हणून त्याने तुमचा हात मोडला, तीच गोष्ट त्याने स्वतः संध्याकाळच्या आत केली. मग तुमचं म्हणणं काय?

भीमरावने उजवा हात पुढे केला. त्याच्या हाताचं प्लास्टर निघालं होतं, पण हात सरळ होत नव्हता. तो पुढेही कधी सरळ झाला नाही.

“चढावर बैल नाई मारत, साहेब,” तो म्हणाला. “चढाच्या पायथ्याशी मारला तं गाडी तिथंच राह्यते. घर दिसाले लागल्यावर मारला तं चालते. मंग मेला तरी चालते. मी पायथ्याशीच मारत होतो.”

“म्हणजे यांनी केलं ते बरोबर?”

“माह्या भावाले इचारा. तो जित्ता हाये.”

मला ताकीद देऊन सोडलं. श्रीवास्तव साहेबांनी माझ्या बाजूने लिहून दिलं होतं. कचेरीच्या बाहेर बाभळीखाली जंगूने आणून लावलेली भीमरावची सायकल उभी होती. तो तिथेच थांबला होता. मी जवळ जाऊन काही बोलणार, एवढ्यात त्याने डाव्या हाताने माझ्या कानाखाली अशी मारली की मी बाभळीच्या खोडाला धरून उभा राहिलो. डोळ्यांपुढे अंधारी आली. कचेरीचा शिपाई दारातून पाहत होता. त्याने मान वळवून घेतली.

“हे झालं,” भीमराव म्हणाला. “आता सायकल तू चालव. मले एका हातानं नाई जमत. माह्या बुढीनं जेवाले बोलावलं तुले.”

तो मागे बसला. त्याचं वजन काही कमी नव्हतं, रस्ता चढाचा होता आणि माझा तो कान घंटेसारखा वाजत होता. मागून तो बोलत होता, मध्येच हसलाही असावा, कारण त्याचं पोट माझ्या पाठीला लागून हललं. मला त्यातलं काहीच ऐकू आलं नाही. पुढे मी त्याला अनेकदा विचारलं की तेव्हा काय बोलत होतास. दर वेळी तो म्हणायचा, “तवा नाई आयकलं नं? मंग राहू दे.”